घर विकताना हाती काय उरते?



घर घेणाऱ्याला सल्ला देणारे शंभर भेटतात. विकणाऱ्याला मात्र कोणी काही सांगत नाही. त्याला तर पैसे मिळायचेच आहेत, मग चिंता कसली, असा सर्वांचा समज! आम्ही आज या समजाविषयीच चार शब्द बोलणार आहोत. घराची ठरलेली किंमत ही एक गोष्ट आणि घरधन्याच्या हाती पडणारी रक्कम ही दुसरी. या दोहोंतले अंतर विसार घेण्यापूर्वीच मोजले पाहिजे.

एक उदाहरण घेऊ. पुण्यातील एका निवृत्त गृहस्थांची सहकारी संस्थेतली सदनिका ८० लाखांना ठरली आहे, असे समजा. तेवढे पैसे आलेच असे धरून त्यांनी ७० लाखांच्या लहान घराला शब्द दिला. आता आपण कागद-पेन्सिल घेऊन बसू.

पहिले देणे बँकेचे. कर्जाचे ११ लाख बाकी आहेत. कर्ज फिटल्यावर ३० दिवसांत मूळ कागद परत द्यावेत, बँकेकडून उशीर झाल्यास दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी, असा रिझर्व्ह बँकेचा नियम १ डिसेंबर २०२३ पासून लागू आहे. तो ध्यानात ठेवावा.

दुसरे देणे दलालाचे. एक टक्का ठरला असेल तर ८०,००० रुपये. हा दर बोलीचा असतो; तो आधीच लिहून घ्यावा. तिसरी वजावट प्राप्तिकराची. किंमत ५० लाख वा अधिक असली की खरेदीदार एक टक्का कापून सरकारात भरतो. हे ८०,००० बुडत नाहीत, आपल्या नावे जमा होतात. पण व्यवहाराच्या दिवशी हाती येत नाहीत, हे खरे.

चौथे देणे संस्थेचे. महानगरपालिकेच्या हद्दीत हस्तांतराचे अधिमूल्य २५,००० रुपयांहून अधिक घेता येत नाही, ‘देणगी’ म्हणूनही नाही. ते कोणी भरायचे हे करारात लिहावे; येथे आपण विकणाऱ्याने भरले असे धरू. थकलेली देणी आणि वकिलांची फी मिळून आणखी १५,०००.

बेरीज झाली १३ लाख. ऐंशीचे सदुसष्ट झाले! शिवाय नव्या घरापुरते हे गृहस्थ स्वतःच खरेदीदार. मुद्रांक शुल्क सामान्यतः खरेदीदाराने भरायचे. सात टक्के दराने ते ४,९०,००० होते. नोंदणी फी ३०,०००. म्हणजे हवेत ७५,२०,०००, जवळ आहेत ६७ लाख. ही ८,२०,००० रुपयांची तूट विसाराच्या दिवशी कोणालाच दिसली नव्हती.

राहिला नफ्यावरचा कर. घर दोन वर्षांहून अधिक काळ आपले असेल तर २३ जुलै २०२४ पासून हा दर साडेबारा टक्के आहे. त्या तारखेपूर्वी घर घेतलेल्या येथील रहिवाशाला महागाईनुसार मूळ किंमत वाढवून वीस टक्क्यांनी हिशेब करण्याचीही सवलत आहे. दोन्ही हिशेब करून पाहावेत. फरक लाखांत पडू शकतो. दलाली नफ्यातून वजा होते, म्हणून पावती जपावी. नफ्याची रक्कम विक्रीच्या आधी एक वर्षात वा नंतर दोन वर्षांत दुसऱ्या राहत्या घरात घातली, तर कराची सूट मिळते. आपल्या गृहस्थांना ती मिळेल. विक्रीचे पैसे मुलांत वाटून टाकणाऱ्याला मिळणार नाही.

आणि कोणी ‘थोडे रोखीत घ्या’ म्हणाले, तर नम्रपणे नकार द्यावा. घराच्या व्यवहारात २०,००० वा अधिक रक्कम रोख घेणे २०१५ पासून कायद्याने वर्ज्य आहे. घेणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो.

तात्पर्य इतकेच की, विसाराची रक्कम हातात घेण्याच्या आदल्या रात्री घरातल्या सर्वांनी एकत्र बसून हा एक पानाचा हिशेब मांडावा. बहुतेकांच्या आयुष्यात घर एकदाच विकले जाते. चूक सुधारायला दुसरी संधी नसते. तळाशी जो आकडा उरेल तीच आपल्या घराची खरी किंमत. दुसऱ्याला शब्द द्यायचा तो त्या आकड्यावर द्यावा.