जिची पेटी, तिची निवड

(नळदुरुस्ती आणि विजेची किरकोळ कामं शिकणाऱ्या बायकांच्या वर्गाच्या शेवटच्या दिवशी केलेलं भाषण, थोडं संक्षिप्त करून.)

मैत्रिणींनो,

गेले तीन महिने तुम्ही नळाचा वॉशर बदलायला शिकलात, पंख्याचा कॅपॅसिटर बसवायला शिकलात, भिंतीत भोक पाडून गिट्टी ठोकायला शिकलात. उद्यापासून कामं घ्यायची. आज मी उत्साहाचं काही बोलेन अशी तुमची अपेक्षा असेल. पण मी बोलणार आहे एका डब्याबद्दल. स्क्रू, नट, वॉशर ठेवायच्या डब्याबद्दल. हसू नका. या डब्यापायी आमच्या पहिल्या गटात जे झालं, ते तुमच्या वाट्याला येऊ नये म्हणून बोलते आहे.

पहिल्या गटाला डबे द्यायचे ठरले तेव्हा खरेदी मी केली. समाजकार्याची पदवी माझ्याकडे, हिशेबाची वही माझ्याकडे, म्हणून निवडही माझ्याकडे! बाजारात काचेसारखे पारदर्शक, बारीक खणांचे डबे दिसले. स्वस्त, हलके, सुबक. बारा घेतले. वापरणाऱ्या एकीलाही बरोबर नेलं नव्हतं. पावसाळा संपेपर्यंत बहुतेक डबे फुटले. कुणाची बिजागरी तुटली, कुणाचं झाकण तडकलं. आमच्यातली एक चौथ्या मजल्यावर नळ दुरुस्तीला गेली. डबा पिशवीतून उभा नेलेला. उघडला तर अर्ध्या इंचाचे वॉशर, पाऊण इंचाचे वॉशर, ओ-रिंगा, स्क्रू, सगळ्याचा काला झालेला. ती फरशीवर बसून वेचत राहिली. घरमालक म्हणाले, “म्हणून सांगितलं होतं, पुरुष माणूस पाठवा.” तिचा हात चांगला होता. चूक डब्याची होती, म्हणजे माझी होती. पण ऐकून घ्यावं लागलं तिला.

मग आम्ही सगळे फुटके डबे मधे मांडून गोल बसलो. कोणता कुठे फुटला, का फुटला, हे ज्यांनी ते वापरले त्यांनीच सांगितलं. त्यातून जे हाती लागलं ते तुम्हाला सांगते.

पहिलं, झाकण. “तुम्हाला मिसळणाच्या डब्याची सवय आहेच,” असं आम्ही मोठ्या कौतुकानं बायकांना सांगायचो. पण मिसळणाचा डबा ओट्यावर आडवा राहतो. तो पिशवीत उभा घालून चार जिने चढा, हळद आणि मोहरी एक होईल. आपला डबा दिवसभर उभा, आडवा, उलटा होणार. म्हणून आतल्या खणांच्या भिंती झाकणाला टेकल्या पाहिजेत. याची परीक्षा दुकानातच करायची. घरून मूठभर बारीक वॉशर आणि स्क्रू न्या. शेजारशेजारच्या खणांत घाला, झाकण लावा, डबा उभा धरा, खडखडून हलवा आणि उघडा. दुकानदार कपाळाला आठ्या घालेल. घालू दे. पट्ट्या सरकवून खण लहानमोठे करता येत असतील तर सोयीचं; पण पट्टी सैल असेल तर तिच्याखालून वॉशर पलीकडे जातो, तेही पाहा.

दुसरं, प्लास्टिक. सगळं प्लास्टिक सारखं नसतं. मी आणलेले डबे पॉलिस्टायरिनचे होते. ते काचेसारखं दिसतं आणि पडलं की काचेसारखंच तडकतं. त्याला पेट्रोल, टर्पेंटाइन चालत नाही. पीव्हीसी वायरीचे तुकडेसुद्धा त्याला महिनोन्महिने चिकटून राहिले तर ते खराब होतं. दुसरं असतं पॉलिप्रॉपिलीन. जरा दुधट, दाबलं तर किंचित लवणारं. त्याची पातळ बिजागरी डब्याच्याच अंगाची असते आणि हजारो वेळा वाकवली तरी सहसा तुटत नाही. डब्याच्या तळाशी त्रिकोणात आकडा असतो. ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, ६ म्हणजे पॉलिस्टायरिन. एवढं ओळखायला इंग्रजी यायची गरज नाही. पारदर्शकही हवं आणि टणकही हवं, तर पॉलिकार्बोनेटच्या झाकणाचे डबे मिळतात. ते महाग पडतात. आणि कोणताही डबा गच्चीवर उन्हात ठेवू नका. उन्हानं प्लास्टिक ठिसूळ होतं.

तिसरं, खटका. आमच्याकडे बिजागरीच्या खालोखाल खटकेच तुटले. शिडीवर एक हात धरायला लागतो, दुसरा ओला नाहीतर तेलकट असतो. त्या एका हातानं उघडता आला पाहिजे, पण धक्का लागून आपोआप उघडता कामा नये. खटका वेगळा बसवलेला असला तर तुटल्यावर निदान बदलता येतो.

चौथं, वजन. आणि इथे आपल्या शरीराचा प्रश्न आहे. पायऱ्यांसारखे कप्पे उलगडणारी पत्र्याची पेटी भक्कम खरी, पण ती रिकामीच जड असते, शिवाय पावसात गंजते. स्कूटरवरून जाणाऱ्याला ती ठीक आहे. आपण एसटीनं जातो, लोकलच्या गर्दीत चढतो, जिने चढतो. स्क्रू लोखंडाचे, नळाचे सुटे भाग पितळेचे. म्हणून पेटी रिकामी उचलून पाहू नका, भरून उचला आणि दोन जिने चढा. एका मोठ्या पेटीपेक्षा दोन लहान डबे बरे, एक विजेचा, एक पाण्याचा. सगळा साठा घरी, त्या दिवशी लागेल तेवढंच बरोबर. ओला भाग पुसल्याशिवाय परत ठेवायचा नाही, नाहीतर एक गंजलेला स्क्रू शेजारच्या दहांना घेऊन जातो.

आता शेवटचं. ते दुकानात कळत नाही. आमच्यातल्या एकीची पेटी नवऱ्यानं विकून टाकली. विचारलं तर म्हणाला, “घरातलीच वस्तू आहे.” तिची तीन आठवडे कामं बुडाली. स्वयंपाकाची भांडी तिची म्हणायला सगळे तयार असतात, पण कमाईचं हत्यार तिचं म्हणताना जीभ अडते. म्हणून पावती स्वतःच्या नावानं घ्या आणि जपून ठेवा. पेटीवर नाव कोरा. हिंदू वारसा कायदा, १९५६, याच्या कलम १४ प्रमाणे हिंदू स्त्रीनं स्वतःच्या कौशल्यानं किंवा कष्टानं मिळवलेली वस्तू पूर्णपणे तिच्या मालकीची असते. आणि २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा सर्व धर्मांच्या स्त्रियांसाठी आहे. त्यात आर्थिक छळ हाही हिंसाचारच मानला आहे, आणि स्त्रीची वस्तू तिला परत करण्याचा आदेश न्यायदंडाधिकारी देऊ शकतात. एका पेटीसाठी कुणी कोर्टात जाईलच असं नाही. पण पेटी आपली आहे, हे घरात ठामपणे म्हणायला ही माहिती उपयोगी पडते.

इथे बसलेल्या कार्यकर्त्यांनाही एक सांगायचं आहे. आपण बायकांच्या वतीनं फार चटकन ठरवतो. वेळ वाचतो, पैसे वाचतात असं वाटतं. माझे बारा डबे आठवा. जिला ती पेटी खांद्यावर घेऊन जिना चढायचा आहे, तिनंच ती निवडली पाहिजे. तिची निवड चुकली तरी त्यातून ती काही शिकेल. माझी चुकली तेव्हा भोगलं तिनं.

पेट्यांसाठी ठेवलेले पैसे या पाकिटात आहेत. ते मी तुमच्या गटाच्या हवाली करते आहे. उद्या सकाळी तुम्ही बाजारात जा. परीक्षेसाठी वॉशर आणि स्क्रू न्यायला विसरू नका. तुम्ही म्हणालात तर मीही येईन, पण पिशवी धरायला.