मधुमेहाची गोळी आणि आपल्या सुना



अपत्यासाठी उपचार घेणाऱ्या सुनेजवळ मेटफॉर्मिनची गोळी दिसताच ‘मुलीचा मधुमेह लपविला’ असा गवगवा आपल्या घरांतून झालेला आम्ही ऐकला आहे. हा निव्वळ अन्याय होय. पीसीओएस या अंडाशयविकारात शरीर बहुधा इन्सुलिनला पुरेशी दाद देत नाही. रक्तात इन्सुलिन वाढते, त्यायोगे पुरुषी संप्रेरके वाढतात व स्त्रीबीज वेळेवर सुटत नाही. म्हणून मधुमेह नसतानाही ही गोळी देतात. मात्र केवळ तिच्यावर भिस्त नको. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या, ६२६ स्त्रियांवरील अमेरिकन चाचणीत नुसत्या मेटफॉर्मिनने शेकडा ७.२, तर क्लोमिफीनने २२.५ स्त्रियांना अपत्यलाभ झाला. आता बहुधा लेट्रोझोल प्रथम देतात. सासूबाईंनी गोळी परस्पर बंद करवू नये. शंका असल्यास मुलालाही डॉक्टरांकडे न्यावे. त्याची तपासणी पुष्कळदा राहूनच गेलेली असते!