भूखंडांची आखणी आणि वहिवाटीचा हक्क



घर बांधावयाचे तर प्रथम जागा हवी, हे सर्वांस ठाऊक असते. परंतु त्या जागेपर्यंतचा रस्ता कोणाचा आणि सांडपाणी कोणाच्या हद्दीतून जाणार, हे प्रश्न बहुधा खरेदीखत झाल्यावरच सुचतात.

मुलुंडची आखणी १९२२ साली क्राउन अँड कार्टर या वास्तुविशारद संस्थेने केली. तेथील सरळ, एकमेकांना छेदणारे रस्ते आजही मूळ आखणीची साक्ष देतात. उत्तम अभिन्यासाचे मर्म हेच की, प्रत्येक भूखंडाची एक बाजू रस्त्याला लागावी. म्हणजे कोणालाही शेजाऱ्याच्या अंगणातून जावे लागत नाही.

अंधेरी, बोरिवली, घाटकोपर येथे नगररचना योजनाही झाल्या. १९१५ च्या मुंबई नगररचना अधिनियमाने सुरू झालेली ही पद्धती १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमात कायम राहिली. तीत वेडेवाकडे मूळ भूखंड एकत्र घेऊन रस्ते व सार्वजनिक जागा काढतात आणि मालकांना नीट आकाराचे अंतिम भूखंड देतात. कलम ८८ अन्वये मूळ भूखंडांवरील जुने हक्क संपुष्टात येऊन लवादाने ठरविलेले हक्क लागू होतात. वाद मुळातच मिटतो.

खाजगी विभागणीत मात्र असा लवाद नसतो. चार भावांनी शेत वाटून घेतले आणि रस्ता पुढच्याच तुकड्याला लागला, तर मागच्यांनी जावे कोठून? १८८२ चा भारतीय सुविधाधिकार अधिनियम येथे आधार देतो. वाटणीमुळे दुसरी वाटच उरली नसेल, तर निकडीचा हक्क मिळतो. पण निकड संपताच तोही संपतो. वीस वर्षे उघडपणे, हक्क म्हणून व अखंड वहिवाट केली तरी हक्क प्राप्त होतो. मात्र शेजाऱ्याच्या परवानगीने केलेली ये-जा कितीही वर्षे चालली तरी तिचा हक्क होत नाही. सौजन्य आणि हक्क यांतील हा भेद अनेकांस न्यायालयातच कळतो.

जुन्या इमारतींच्या पुनर्विकासात तर चिंचोळी बोळ सर्वांचीच अडचण ठरते. अग्निशामक बंबाला वहिवाटीच्या पुराव्याने वाट मिळत नाही, रुंदीनेच मिळते.

म्हणून विभागणीपूर्वीच अभिन्यास मंजूर करून घ्यावा. रस्ता व गटार यांची जागा आणि रुंदी नकाशावर दाखवून नोंदणीकृत खतात लिहावी. शहरांच्या सीमेवरील गावांत आज शेतांचे तुकडे पडत आहेत. तेथील पंचायत सदस्यांनी व शिक्षकांनी ही गोष्ट ग्रामस्थांना वेळीच समजावून दिल्यास पुढच्या पिढीचे कित्येक दावे टळतील.