बहिरा म्हणजे मुका नव्हे
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आपल्या मंडळात भाषणे बहुधा मुलांचे संगोपन, काटकसर, नाहीतर सणवार यांवर होतात. मी आज बोलणार आहे ते ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्याविषयी. अशी माणसे आपल्या आळीतही आहेत. पण हळदीकुंकवाचे बोलावणे त्यांच्यापर्यंत सहसा जात नाही. “तिला बोलावून काय उपयोग? तिला काय कळणार?” असे आपण सहज म्हणून जातो.

आधी ‘मुका’ हा शब्दच पाहू. जन्मतः बहिऱ्या असलेल्या मुलाचा गळा व जीभ बहुधा धडधाकट असते. बोलणे आपण ऐकून शिकतो. जे कानी पडलेच नाही ते जिभेवर कोठून येणार? म्हणून ‘मूकबधिर’ न म्हणता ‘कर्णबधिर’ म्हणावे. पण आपण शहाणपण जिभेवर मोजतो. नाटकात बहिरा म्हातारा आला की हशा ठरलेलाच!

दुसरी गोष्ट हातांची. “हातवारे करू नकोस, लोक हसतील,” असे कितीतरी घरांत मुलांना दटावतात. ही समजूत फार जुनी. १८८० साली इटलीतील मिलान शहरी बहिऱ्यांच्या शिक्षकांची परिषद भरली. शाळांत खुणांनी शिकवू नये, तोंडानेच शिकवावे, असे तिने ठरवले. १६४ प्रतिनिधींत बहिरा एकच होता. ज्यांच्या आयुष्याचा प्रश्न त्यांनाच विचारायचे नाही, ही रीत आपणा बायकांना वेगळी समजावून सांगायला नको. या ठरावांबद्दल २०१० साली कॅनडातील व्हँकूव्हर येथे खेद व्यक्त झाला. मधली १३० वर्षे कितीतरी मुलांचे हात बांधल्यासारखेच राहिले.

खुणांची भाषा म्हणजे नकला नव्हेत. तिला स्वतःचे व्याकरण आहे. नुसत्या भुवया उंचावल्या तरी साध्या वाक्याचा प्रश्न होतो. आपल्या देशातील सांकेतिक भाषेसाठी २०१५ साली दिल्लीत केंद्र सरकारची संस्था निघाली. तिच्या कोशात २०१८ साली ३,००० शब्द होते, ते २०२१ साली १०,००० झाले. २०२३ साली सारा सनी या बहिऱ्या वकीलबाईंनी दुभाष्याच्या मदतीने सर्वोच्च न्यायालयात काम चालवले. “तिला काय कळणार?” म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

श्रवणयंत्र लावू नये, बोलायला शिकवू नये, असे माझे मुळीच म्हणणे नाही. तान्हे मूल आवाजाने दचकत नसेल तर “आमच्याकडे मुले उशिराच बोलतात” म्हणून थांबू नका. कान तपासून घ्या. पण भाषा ही जेवणासारखी आहे, ती वेळेवर मिळाली पाहिजे. यंत्राने येईल तेव्हा येईल, तोवर मुलाला उपाशी का ठेवावे? बहुतेक बहिरी मुले ऐकणाऱ्या आईबापांच्याच पोटी जन्मतात. तेव्हा लेकराची भाषा आईने शिकायला हवी, आणि आपण शेजारणींनी तिला हसता कामा नये.

आपल्या हातचे पुष्कळ आहे. बहिऱ्या बाईला पाठीमागून हाक मारू नये. समोर जावे, नाहीतर खांद्याला हलकेच स्पर्श करावा. उजेडाकडे तोंड करून बोलावे, पदर ओठांवर धरू नये, ओरडू तर नयेच. आणि सगळ्या हसल्यावर तिने “काय झाले?” असे खुणेने विचारले, तर “काही नाही, मग सांगते,” म्हणून टाळू नये. न ऐकू येण्यापेक्षा ते ‘काही नाही’ अधिक लागते.

माझी एक सूचना आहे. २३ सप्टेंबर हा सांकेतिक भाषांचा आंतरराष्ट्रीय दिवस. त्या दिवशी मंडळात एखाद्या बहिऱ्या भगिनीला बोलवावे, आणि तिला मदत म्हणून नव्हे, तर आपली शिक्षिका म्हणून. वीस खुणा शिकलो तरी पुढच्या संक्रांतीला तिळगूळ देताना दोन शब्द बोलता येतील.

एक खूण आजच सांगते. बहिरी मंडळी टाळ्या वाजवत नाहीत. दोन्ही हात वर करून पंजे हलवतात. माझे भाषण आवडले असेल तर आज तसेच करा.