सांध्यातला मुक्काम

परंड्यात माझ्याकडे येणाऱ्या अनेक बायकांची तक्रार एकच असते. सकाळी भाकरी थापायला बोटे वळत नाहीत, तासाभराने जरा मोकळी होतात. ‘वय झालं’ म्हणून घरात ती मनावर घेतली जात नाही. पण तिशी-चाळिशीतल्या बाईच्या दोन्ही हातांचे सांधे सुजून सकाळी असे आखडत असतील, तर तो आमवात, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस असू शकतो.

हा आजार समजण्यासाठी थोडे मागे जाऊ. १८८२ मध्ये इटलीतल्या मेसिना गावी इल्या मेचनिकॉफ यांनी तारामाशाच्या पारदर्शक अळीत गुलाबाचा काटा टोचला. दुसऱ्या दिवशी काट्याभोवती फिरत्या पेशींचा वेढा पडला होता. या पेशी शरीराच्या राखणदार आहेत, हे त्यांनी ओळखले. १९०८ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. मुंबईत प्लेगची लस तयार करणारे हाफकिन हे त्यांचेच विद्यार्थी.

माणसात हे राखणदार, म्हणजे पांढऱ्या पेशी, रक्तातून वाहत असतात. मग नेमके कुठे उतरायचे, हे त्यांना कसे कळते? जिथे इजा किंवा जंतू असतात, तिथल्या पेशी टीएनएफसारखी रसायने सोडतात. त्यामुळे जवळच्या बारीक रक्तवाहिनीचे अस्तर चिकट होते. वाहती पेशी तिथे अडखळते, घरंगळते, मग घट्ट चिकटते आणि अस्तराच्या फटीतून अंग आकसून बाहेर पडते. काम झाले की हाकारा थांबतो आणि सूज उतरते.

आमवातात हा हाकारा थांबतच नाही. आलेल्या पेशी स्वतःच नवी रसायने सोडून आणखी पेशी बोलावतात. त्यांना पोसायला नव्या रक्तवाहिन्या फुटतात. निरोगी सांध्याचे अस्तर एक ते तीन पेशींइतकेच जाड असते. ते जाडजूड होऊन कूर्चा आणि हाड कुरतडू लागते. झिजलेले हाड पुन्हा पूर्ववत होत नाही, म्हणून पहिले काही महिने मोलाचे.

लंडनमध्ये मार्क फेल्डमन आणि रविंदर मैनी यांनी १९९० च्या दशकात टीएनएफ रोखणारे औषध रुग्णांना देऊन पाहिले आणि सूज ओसरली. पण क्षयाच्या जंतूंना कोंडून ठेवणारा पेशींचा वेढाही याच टीएनएफवर टिकून असतो. वेढा सैल पडला की दबलेला क्षय उसळतो. हा धोका २००१ मध्ये ठळकपणे पुढे आला. म्हणून आपल्याकडे अशा इंजेक्शनांआधी क्षयाची तपासणी करायलाच हवी.

बहुतेकांना सुरुवातीला मात्र मेथोट्रेक्सेट ही जुनी, स्वस्त गोळी दिली जाते. ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतली तर जिवावर बेतू शकते. तेव्हा ठरलेला वार कॅलेंडरवर लिहून ठेवा. गरोदरपणात ती चालत नाही, हेही डॉक्टरांशी आधीच बोला.

या गोळीचा गुण यायला दीड-दोन महिने, कधी तीनही लागतात. महिन्याभरात फरक नाही म्हणून बाई ती सोडते आणि ठणका थांबवणाऱ्या सुईकडे वळते. सुईने दुखणे थांबते, पण बोलावलेल्या पेशींचा सांध्यातला मुक्काम हलत नाही. घरच्यांनी एवढेच करावे, गोळीला तिचा वेळ द्यावा. आणि तोवर भाकरी दुसऱ्या कुणीतरी थापावी.