ऐकीव माहिती आणि ज्यूरीचा कौल

श्रोतेहो, मुंबईत ज्यूरीचे नाव निघाले की नानावटी खटल्याची आठवण निघतेच. आणि 1959 साली आठ विरुद्ध एक अशा मतांनी ज्यूरीने दिलेला निर्दोषत्वाचा कौल सत्र न्यायाधीशांनी अमान्य करून प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठविले, तेव्हाच या पद्धतीला आपल्याकडे मूठमाती मिळाली, असे सर्रास समजले जाते. वास्तविक फौजदारी कामातील ज्यूरी कायद्याच्या पुस्तकातून गेली ती 1973 च्या नव्या संहितेने. आणि दिवाणी स्वरूपाच्या एका कामात तर तिचे कूळ याच शहरात आजही नांदते आहे. 1936 च्या पारशी विवाह व घटस्फोट कायद्यान्वये मुंबईच्या पारशी मुख्य वैवाहिक न्यायालयात न्यायाधीशांच्या साहाय्यास पाच डेलिगेट बसतात. पूर्वी ते सात असत. त्यांची नावे सरकार राजपत्रात प्रसिद्ध करते, कारण न सांगता त्यांतील काही नाकारण्याची मुभा उभय पक्षांस असते, आणि कायद्याचे व रीतीचे प्रश्न न्यायाधीशांनी, तर वस्तुस्थितीचे प्रश्न डेलिगेटांच्या बहुमताने सोडवावयाचे, अशी कामाची वाटणी असते.

ज्यांच्या हाती वस्तुस्थितीचा निर्णय सोपविला, त्यांनीच मर्यादा ओलांडली तर काय होते, हा आजचा विषय आहे. ज्या देशांत दिवाणी दाव्यांना ज्यूरी असते तेथे अशा वर्तनामुळे चालता खटला मध्येच रद्द होतो आणि नवी ज्यूरी बसवून पहिल्यापासून चालवावा लागतो; वकिलांची फी, साक्षीदारांचे हेलपाटे आणि पक्षकारांची कित्येक महिन्यांची उमेद सारे पाण्यात जाते. लाच घेणे किंवा पक्षकाराशी गुप्तपणे बोलणे हे दोष उघड आहेत. अधिक विचार करण्याजोगा आहे तो प्रामाणिक मनुष्याचा दोष.

समजा, आरे कॉलनीतून गोरेगावहून पवईकडे जाणाऱ्या रस्त्यावर, तबेल्यांच्या एखाद्या युनिटजवळच्या वळणावर, दुधाच्या टेम्पोने वैशाखात एका सायकलस्वारास धडक दिली, नुकसानभरपाईचा दावा ज्यूरीपुढे आला, आणि टेम्पोचालकास समोरचे दिसत होते की नाही, एवढ्यावरच निकाल येऊन ठेपला. एक सज्जन ज्यूरर, खात्री करून घ्यावी म्हणून, श्रावणातल्या रविवारी एकटाच तेथे जातो. कमरेइतके गवत आणि रस्त्यावर ओणवलेल्या फांद्या पाहून 'येथे काय दिसणार!' असे मनाशी ठरवितो, आणि सोमवारी आपल्या सहकाऱ्यांना तसे सांगतो. वैशाखात तेथे गवताची काडी नव्हती, हे सांगण्याची संधी वादीच्या वकिलास कोणी दिली? हा पुरावा न्यायालयात आलाच नाही, त्यावर उलटतपासणी झाली नाही, आणि तरी कौल त्यावरच उभा राहिला. आजकाल तर जागेवर जाण्याचेही कष्ट नकोत. खिशातला मोबाईल तेच काम घरबसल्या करून देतो.

स्थळ पाहूच नये, असे कायदा म्हणत नाही. आपल्या 1898 च्या फौजदारी संहितेने ज्यूरीस जागेवर नेण्याची तरतूद केलीच होती. मात्र सोबत न्यायालयाचा अंमलदार असावा आणि परवानगीवाचून त्याने कोणासही ज्यूररांशी बोलू देऊ नये, अशी सक्त ताकीद होती. एखाद्या ज्यूररास प्रकरणातील काही गोष्ट स्वतःस ठाऊक असेल, तर ती न्यायाधीशांना कळविणे त्याचे कर्तव्य होते. मग इतर साक्षीदारांप्रमाणेच शपथेवर त्याची साक्ष आणि उलटतपासणी होऊ शके.

प्रत्येक चुकीने खटला मोडतो, असेही नाही. घरापुढील गवत कापण्याच्या यंत्राने एका बालकास भयंकर इजा झाल्याच्या अमेरिकेतील दाव्यात, घरात कोणास गंभीर दुखापत झाली आहे काय, या निवडीच्या वेळच्या प्रश्नावर एक ज्यूरर गप्प बसला होता. टायर फुटून मोडलेला मुलाचा पाय त्याला त्या सदरात मोडेलसे वाटले नव्हते. तेथील सर्वोच्च न्यायालयाने 1984 साली ठरविले की, महत्त्वाच्या प्रश्नाचे अप्रामाणिक उत्तर दिले गेले आणि खरे उत्तर मिळते तर तो ज्यूरर सकारण वगळता आला असता, या दोन्ही गोष्टी दाखविल्याखेरीज फेरसुनावणी मिळणार नाही.

कौल लागून गेल्यावर तर दोष सिद्ध करणे फारच दुर्घट होते. इंग्लंडात 1785 साली एका दिवाणी दाव्यात, आम्ही चिठ्ठ्या टाकल्यासारखा निकाल नशिबावर सोडला, असे ज्यूररांनीच प्रतिज्ञेवर सांगितले. परंतु ज्यूररांच्या तोंडून त्यांचाच दोष ऐकण्यास लॉर्ड मॅन्सफिल्ड यांनी नकार दिला आणि कोणी खिडकीतून तो प्रकार पाहिला असल्यास त्याने सांगावे, असा अभिप्राय दिला!

आपल्या पारशी कायद्यानेही मूळ 1936 च्या रूपात अपिलास जी मोजकी कारणे दिली होती, त्यांत निकालावर परिणाम करू शकेल असा रीतीतील ठळक दोष हे एक होते. लहान समाजात, जेथे वधूवरांची घराणी डेलिगेटांच्या परिचयाची असण्याचा संभव मोठा, तेथे ही सावधगिरी विशेष अगत्याची. म्हणून श्रोतेहो, आपल्यापैकी कोणी डेलिगेट म्हणून, सोसायटीच्या तंट्यात लवाद म्हणून, किंवा गावकीत पंच म्हणून बसणार असेल, त्याने पक्षकारांविषयी जे ठाऊक असेल ते पहिल्याच बैठकीस उभय पक्षांसमक्ष सांगून टाकावे, आणि त्यानंतर बाहेर काही विचारायलाही जाऊ नये. ज्या गोष्टीला उत्तर देण्याची संधी हरणाऱ्या पक्षास मिळाली नाही, ती खरी असली तरी तिच्यावर दिलेला निकाल न्याय्य नव्हे.