फडावरची खोपी आणि पौषातील थंडी

(ऊसतोडीस निघणाऱ्या कुटुंबांच्या मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



दसरा-दिवाळी उलटली की नंदुरबार व धुळे जिल्ह्यांतील पाड्यापाड्यांतून ऊसतोडीच्या टोळ्या बारडोलीची वाट धरतात. १९२८ च्या सत्याग्रहाने हे नाव देशभर पोहोचविले. तोडणी कामगारांच्या तोंडी मात्र ते येते साखर कारखान्यामुळे. तेथील सहकारी कारखाना १९५५ साली स्थापन झाला, पुढे उकाई-काक्रापारचे पाणी शिवारात आले आणि ऊस वाढत गेला. त्या उसाच्या कडेला, परक्या जमिनीवर, एका दिवसात उभे करावयाचे घर म्हणजे खोपी. पाच महिने संसार तिच्यातच होतो.

बारडोलीची थंडी ती काय, असे पक्क्या घरात निजणारा माणूस म्हणतो. त्याच्यापुरते ते खरेही आहे. जानेवारीच्या रात्री तेथे पारा साधारणतः पंधरा अंशांच्या आसपास असतो, कधी त्याहूनही खाली उतरतो. भिंती आणि छप्पर दिवसाची ऊब धरून ठेवतात. बांबूच्या चटईला व प्लॅस्टिकच्या कागदाला ती धरता येत नाही. बाहेर पंधरा अंश असले तर पहाटे आतही तेवढेच, शिवाय अंगाखाली पाणी प्यालेली काळी जमीन. अंगाची ऊब वाऱ्याइतकीच ही ओली जमीनही शोषून घेते, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही.

म्हणून खोपीची तयारी जमिनीपासून करावी. थंड हवा जड असते व खोलगट जागी साचते. तेव्हा कालव्यालगतची सखल जागा टाळून उंचवटा मागून घ्यावा. मुकादमाने हे पहिल्याच दिवशी शेतमालकाशी बोलावे. खोपीची पाठ उत्तरेस व दार दक्षिणेस ठेवावे. आत वीतभर मातीचा ओटा घालून चोपावा, त्यावर प्लॅस्टिकचा कागद, त्यावर वाळलेल्या पाचटाचा जाड थर आणि वर चटई अंथरावी. पाचट फडावर फुकट मिळते. मात्र ते झटकून घ्यावे व आठवड्याने बदलावे, कारण त्यात विंचू-काटा राहतो. छपरावर दवाचा थेंब आत ठिबकणार नाही असा उतार द्यावा.

खरा धोका पुढेच आहे. थंडी वाढली की चूल आत येते आणि दाराचे फडके घट्ट बांधले जाते. पाचट, चटई व प्लॅस्टिक या तिन्हींना आग लागण्यास एक ठिणगी पुरते. आग न लागली तरी निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. झोपलेला माणूस झोपेतच जातो. शेगडी वा निखाऱ्याचे घमेले आत ठेवून निजू नये, ही एक गोष्ट विसरली तर वरील सारी तयारी व्यर्थ होय. चूल बाहेर, आडोसा करून, वाऱ्याच्या खालच्या अंगास असावी.

तान्ह्या मुलास आईच्या अंगाशी, उघड्या छातीशी धरून वरून गोधडी घ्यावी. त्याचे डोके झाकलेले असावे, तोंड नव्हे. मूल खोकत असेल तर शांत असताना त्याचा श्वास मिनिटभर मोजावा. दोन महिन्यांखालील बाळास साठ, वर्षाच्या आतील बाळास पन्नास, त्यावरील पाच वर्षांपर्यंतच्या मुलास चाळीस किंवा अधिक श्वास भरले, अथवा बरगड्यांखाली खळगा पडू लागला, तर सकाळच्या तोडीची वाट न पाहता दवाखाना गाठावा.

१९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्याने निवारा व संरक्षक कपड्यांची जबाबदारी कंत्राटदारावर टाकली होती. कागदावरचा तो निवारा फडावर क्वचितच दिसला. टोळी निघण्यापूर्वी उचलीचा हिशेब होतो, त्याच बैठकीत कागद, चटया व गोधड्यांचाही हिशेब व्हावा, आणि अधिकाऱ्यांनी त्या बैठकीस हजर राहावे.

गोधड्या दवाने दमट होतात, त्या रोज उन्हात घालाव्या लागतात. आईबाप पहाटे अंधारातच फडात जातात; मग हे काम खोपीवर राहणाऱ्या आठ-दहा वर्षांच्या मुलीकडे येते. धाकट्या भावंडालाही तीच सांभाळते. गुरुजींनी अशी नावे ट्रक येण्याआधी काढावीत आणि गावी हंगामी वसतिगृह असेल तर तेथे, नाही तर आजीजवळ, मुलीस ठेवण्याविषयी घरोघर बोलावे. ती मागे राहिली तर तिच्यासाठी एक गोधडी बांधाबांधीतून वगळून घरी ठेवावी लागेल, हे आईला आताच सांगितलेले बरे.